नापाससाहेब गोड बोलतात

नापाससाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं कौतुक केलं, त्या दिवशी त्यांना ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण घरात तेव्हा कोणालाच यातलं काही कळत नव्हतं. त्यामुळे बायकोने आनंदाने त्यांना आणखी थोडं सूप वाढलं.

साहेबांचं काम गाडी चालवायच्या परवान्याची परीक्षा घेण्याचं. मैदानात आठच्या आकड्यात गाडी फिरवायची, चढावर थांबवायची, मग मागे घेऊन दोन खांबांच्या मधे नीट उभी करायची. साहेब शेजारच्या सीटवर बसायचे. चेहऱ्यावर असा भाव, की आत्ताच कोणीतरी आपल्या पायावरून चाक नेलंय. बरेचदा खरंच नेलेलं असायचं. त्यांच्या हातून सहजासहजी कोणी पास होत नसे, म्हणून लोक त्यांना तोंडावर 'साहेब' आणि पाठीमागे 'नापाससाहेब' म्हणत. साहेबांना हे ठाऊक होतं. नोकरीत बढती कधी मिळाली नव्हती, म्हणून हे नावच त्यांनी बढती मानलं होतं.

त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. गल्लीत सगळे तिला वहिनी म्हणत, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनींच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती की भांडायचे विषयसुद्धा संपले होते. साहेब संध्याकाळी घरी यायचे, आधी चपला काढायचे आणि मग चुका काढायचे. चहा गार आहे. पंखा तिरका फिरतोय. त्या गिऱ्हाइकाची बाही एका बाजूने लांब दिसतेय. त्यात राग नसायचा. दिसलं ते सांगितलं, एवढंच. वहिनीही "बरं" म्हणायच्या आणि मशीन पुढे चालवायच्या.

पुढे साहेबांचं लिव्हर खराब निघालं. सिरोसिस. साहेबांनी जन्मात दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता. उलट वहिनींचा धाकटा भाऊ रोज संध्याकाळी न चुकता बसायचा आणि त्याचं लिव्हर सोनोग्राफीत इतकं चकचकीत दिसलं, की सोनोग्राफीवाल्या बाईंनी मशीन बिघडलंय का म्हणून आधी स्वतःचं पोट तपासून पाहिलं. साहेबांवर मात्र कोणाचा विश्वास बसेना. भेटायला येणारे लोक डोळे मिचकावून म्हणायचे, "साहेब, आम्हाला तुम्ही रुक्ष वाटायचात. आतून रंगेल निघालात की!" आजारपणात त्यांची समाजातली किंमत वाढली ती अशी.

तर त्या दिवशी साहेबांनी बिनमिठाच्या सूपचा घोट घेतला आणि म्हणाले, "फार छान झालंय गं."

वहिनींनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

मग साहेब कामावर गेले आणि त्यांनी सगळ्यांना पास केलं. एका बाईंनी दोन्ही खांब पाडले. साहेब म्हणाले, "खांब जरा पुढेच आले होते." एक जण पाण्याची बाटली पोचवायला आला होता, त्यालाही पास केलं. तो म्हणाला, मला गाडी येत नाही. साहेब म्हणाले, "येईल हो." वहिनींचा धाकटा गेली कित्येक वर्षं दर काही महिन्यांनी नापास होत होता. त्याने गाडी कुंपणाच्या भिंतीवर चढवली, तेव्हा साहेबांनी खाली उतरून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "धाडस आहे तुमच्यात." दुपारनंतर मात्र साहेब मागच्या सीटवर झोपले ते उठेनातच.

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं. लिव्हर गाळायचं काम करेनासं झालं, की पोटात तयार होणारा अमोनिया रक्तातून मेंदूत जातो. माणूस आधी बदलतो, मग भ्रमिष्ट होतो, मग बेशुद्ध पडतो. त्या दिवशीचे निकाल रद्द करता येतील का, याचा कार्यालयाने बराच विचार केला. पण नियमांत फक्त नापास झालेल्यांच्या तक्रारीची सोय होती. पास झालेल्यांपैकी कोणीही तक्रार केली नाही.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "मी सहा महिन्यांनी बघेन. मधलं सगळं सिस्टर बघतील."

सिस्टरची खोली एक्स-रेच्या पलीकडे, लांबलचक बोळाच्या टोकाला होती. वजनकाटा, टेप, रक्तदाबाचं यंत्र, नीट न मिटणारी खिडकी आणि भिंतीवर लिव्हरचं एवढं मोठं चित्र, की नवीन आलेली माणसं तो कुठल्यातरी देशाचा नकाशा समजून आपलं गाव शोधायची. सिस्टर ठेंगण्या होत्या आणि त्यांचा आवाज एकाच उंचीवर चालायचा. वाईट बातमी आणि चपला बाहेर काढायची सूचना त्या एकाच सुरात द्यायच्या.

"हात पुढे करा साहेब. मनगटं वर, बोटं फाकवा. समोरून गाडी येतेय, तिला थांबवायचंय."

साहेबांनी हात पुढे केले. त्यांचे पंजे मधेच पडायचे, परत उठायचे. पाखराने पंख झाडावेत तसे.

"गाडी थांबली नाही," सिस्टर म्हणाल्या. "आता एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा."

"गाय. म्हैस. कुत्रा." साहेबांनी छताकडे पाहिलं. "घोडा. उमेदवार."

"उमेदवार धरता येणार नाही."

"एकदा मैदानावर येऊन बघा."

मिनिट संपलं. सिस्टरनी घड्याळ खाली ठेवलं. "निदान दहा तरी यायला हवे होते. नापास."

हा शब्द साहेबांना उद्देशून आजवर कोणी उच्चारला नव्हता. साहेबांनी सिस्टरकडे बराच वेळ पाहिलं. मग हळूच वहिनींना म्हणाले, "मार्किंग कडक आहे." आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला समाधानाखेरीज दुसरा शब्द नव्हता. आपल्या धंद्यातलं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

औषध म्हणजे एक घट्ट, गोडमिट्ट सिरप. सिस्टरनी सांगितलं, रोज दोन-तीनदा पोट साफ झालं पाहिजे. कमी झालं तर डोस वाढवायचा, फार झालं तर घटवायचा. "लोक लाजतात. लाजायचं काही नाही. तुमचं डोकं साफ ठेवायचा रस्ता खालून जातो." मीठ कमी, वजन रोज, मनाने एकही गोळी नाही, झोपण्याआधी थोडं खायचं, उलटीत किंवा शौचात रक्त दिसलं की तडक दवाखाना. आणि गाडी अजिबात चालवायची नाही. शेवटचं ऐकून साहेबांनी मान डोलावली. त्यांच्या मते कोणीच चालवू नये.

"आणि मी मधूनमधून फोन करीन," सिस्टर वहिनींकडे वळल्या. "तीनच प्रश्न विचारीन. वजन किती? किती वेळा झालं? आणि साहेब साहेबांसारखे आहेत का?"

"म्हणजे कसे?"

"स्वभावात फरक, दिवसा झोप आणि रात्री जाग, काही विचित्र वागणं. रक्तात दिसायच्या आधी हे घरच्यांना दिसतं."

"चिडचिड केली तर?"

"नेहमीच करत असतील तर करू द्या."

वहिनींनी जरा घुटमळून विचारलं, "आणि गोड बोलले तर?"

सिस्टरचं पेन थांबलं. "बोलतात का?"

"एकदाच बोलले. त्याच दिवशी तुमच्याकडे आणलं."

"मग तेच लक्षण धरा."

बोळातून परत येताना वहिनींनी ते वाक्य मनात घोळवून पाहिलं. नवरा गोड बोलला, की दवाखान्यात फोन करायचा. उलटसुलट कसंही म्हटलं तरी त्याचा अर्थ तोच निघत होता.

सिरपने गुण दिला. आठवडाभरात साहेब पूर्ववत झाले. पंखा पुन्हा तिरका फिरू लागला, चहा गार होऊ लागला. सिस्टरचा फोन आला, की वहिनी उत्साहाने अहवाल द्यायच्या.

"सकाळपासून माझ्या सात चुका काढल्या!"

"उत्तम. भूक?"

"भूकही आहे. आमटी पातळ झाली म्हणून दुसऱ्यांदा घेतली आणि तेही ऐकवलं."

"फारच छान."

साहेबांच्या पोटात पाणी साठलं, की वहिनी त्यांच्या पँटची कंबर उसवायच्या. लघवीच्या गोळ्यांनी पाणी उतरलं, की परत टाचायच्या. एकाच पँटला इतक्या वेळा सुई लागली होती, की मूळचं कापड अल्पमतात गेलं होतं. असं सगळं बरं चाललं होतं. फक्त कधीकधी मशीन चालवता चालवता वहिनींना ते सूप आठवायचं. 'फार छान झालंय गं.' त्यातला तो 'गं' विशेष. मग त्या स्वतःवरच चिडायच्या. माणूस मरता मरता वाचला आणि आपल्याला सूप आठवतंय!

गडबड झाली ती संडासाच्या किल्लीवरून.

गाडीत बसायचं काम बंद झाल्यावर कार्यालयाने साहेबांना लेखी परीक्षेच्या खोलीत बसवलं होतं. नव्या इमारतीत संडास होता, पण त्याला कुलूप होतं आणि किल्ली एका कनिष्ठ कारकुनाकडे. हा कारकून पूर्वी साहेबांच्या हातून तीनदा नापास झालेला. आता रोज दोनदा त्याच्यापुढे हात पसरायचा आणि त्याने "परत?" म्हणून विचारायचं, हे साहेबांना सहन होईना. त्यांनी कोणाला न सांगता सिरप अर्ध्यावर आणलं, मग पाव, मग आठवेल तेव्हा. बाटली लवकर संपेना, हे वहिनींच्या लक्षातच आलं नाही.

एके दिवशी साहेबांना सुट्टी होती. वहिनी सकाळी मशीनवर बसल्या होत्या. साहेब उशिरा उठले आणि म्हणाले, "अगं, तू बस. चहा मी करतो."

वहिनींचा पाय मशीनच्या पॅडलवरच थांबला.

चहा आला. कपात नव्हता, औषधाच्या मापाच्या दोन छोट्या प्याल्यांत होता, पण आला. साहेब स्टूल ओढून शेजारी बसले. सुईत दोरा ओवून देऊ का, म्हणाले. ओवता येईना, हात जरा अडखळत होता, पण ते हसले. साहेबांचे दात वहिनींनी एकदम इतके कधी पाहिलेच नव्हते.

"कोणाचा झगा गं हा?"

"कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या मुलीचा."

"किती बारीक टाका आहे! तू मशीन कुठे शिकलीस?"

हा प्रश्न वहिनींना या घरात आल्यापासून कोणी विचारला नव्हता. माहेरी सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं आणि सासरी कोणाला हवं नव्हतं. वहिनींनी सांगायला सुरुवात केली. मावशीकडे शिकले. मावशी नाटक कंपनीचे कपडे शिवायची. राजाचे झगे, सेनापतीचे अंगरखे. मलाही तेच करायचं होतं. एक झगा मी एकटीने शिवला होता, लाल, एवढी मोठी झालर होती त्याला. तो घालून राजा रोज शेवटच्या अंकात मरायचा. आणि मी विंगेतून बघायचे, पडताना झालर दुमडते का ते.

"दुमडायची का?" साहेबांनी विचारलं.

"कधीच नाही."

"वा!" साहेब मनापासून म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. सुट्टी साहेबांना होती, दवाखान्याला नव्हती.

"वजन?" सिस्टरचा सपाट आवाज.

"कालच्याएवढंच."

"किती वेळा झालं?"

"होतंय की व्यवस्थित," वहिनी म्हणाल्या. त्यांनी साहेबांना ते विचारलंच नव्हतं.

"साहेब साहेबांसारखे आहेत का?"

वहिनींनी वळून पाहिलं. साहेब झग्याच्या बाहीवरचा धाग्याचा तुकडा अलगद उचलत होते आणि स्वतःशी गुणगुणत होते. खोलीत ऊन आलं होतं.

"अगदी त्यांच्यासारखे," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुपारपर्यंत, त्यांनी स्वतःला बजावलं. जेवणं होईपर्यंत. मग फोन करीन, डोसही देईन. आयुष्यभराच्या चुका पदरात घेतल्यात मी, त्यातून एक सकाळ मला वजा करून मिळायला काय हरकत आहे? फक्त एक सकाळ.

जेवणानंतर साहेबांनी आपले बूट पुसले आणि फ्रीजमधे ठेवले. वहिनींनी गुपचूप बाहेर काढले. मग साहेब दारापाशी उभे राहून फार अदबीने म्हणाले, "आत येऊ का?"

"तुम्ही आतच आहात."

"आभारी आहे." ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. "आपण इथे बऱ्याच दिवसांपासून राहता का?"

वहिनी हसल्या. मग त्यांना आठवलं, की साहेब थट्टा करत नाहीत.

"घर फार नीटनेटकं ठेवलंय आपण," साहेब पुढे म्हणाले. "आपले यजमान काय करतात?"

"परीक्षा घेतात."

"अरेरे. कडक असतील मग."

"फार."

"आपण पास झालात का?"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. समोरचा माणूस उत्तराची खरंच वाट पाहत होता. इतक्या आस्थेने, की त्याच्यापाशी सगळं सांगून मोकळं व्हावं. आणि हाच माणूस उद्यापर्यंत टिकणार नव्हता. तो नाही आणि दुसराही नाही. दोघे एकाच शरीरात होते आणि शरीर निघायच्या तयारीत होतं.

"हात पुढे करा," वहिनी म्हणाल्या. आवाज सिस्टरचा करायला गेल्या, पण जमला नाही. "गाडी थांबवा."

साहेबांचे पंजे फडफडले.

वहिनींनी फोन लावला. या वेळी काहीच लपवलं नाही, पण सगळं एका दमात सांगितल्यामुळे सिस्टरना दोनदा विचारावं लागलं.

"जागे आहेत ना? गिळता येतंय?"

"हो. फार सौजन्याने."

"पूर्ण डोस द्या आणि लगेच घेऊन या. बाकीचं नंतर बोलू."

वहिनींनी प्याला भरून पुढे केला. साहेबांनी दोन्ही हात जोडले. "छे छे. आधी आपण."

"तुमचं औषध आहे हो!"

"यजमानीणबाईंच्या आधी कसं घेऊ? शोभत नाही ते."

वहिनींनी विनवणी केली, दटावलं, शेवटी स्वतः प्याला तोंडाला लावला आणि रिकामा केला. मग साहेबांनी आपला घेतला. "अप्रतिम," ते म्हणाले. "आणखी एक होऊन जाऊ द्या. पण आपल्याबरोबर."

टॅक्सी मिळेना. वहिनींनी धाकट्याला बोलावलं. तो गाडी घेऊन आला. दुपारची वेळ असल्यामुळे शुद्धीवर होता, पण चालवण्यात त्यामुळे काही फरक पडत नव्हता. पहिल्याच वळणावर गाडी दुभाजकावर चढली.

"ताई, घट्ट धर," धाकटा म्हणाला.

"अरे, रस्ता खाली आहे!"

"दिसतोय मला. उतरतोय ना."

"उत्तम चालवता आपण," मागून साहेब म्हणाले. "कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही, भावजी."

"जाणवतं ते. उपजत आहे."

चौकात लाल दिवा होता. धाकटा थांबला नाही. डावीकडून येणारी एक गाडीही थांबली नाही. दोघे एकमेकांकडे बघून हात हलवत, एकमेकांना घासून निघून गेले. "माझ्याबरोबरचाच," धाकटा अभिमानाने म्हणाला. "त्याच दिवशी पास झालेला. पाण्याची बाटली घेऊन आला होता तो." वहिनींनी डोळे मिटून घेतले. नवऱ्याच्या एका दिवसाच्या चांगुलपणाचं गावात काय झालंय, ते त्या पहिल्यांदाच आतून बघत होत्या.

दवाखान्यात साहेबांना आत नेलं. सलाईन लावलं, एनिमा दिला, रक्त घेतलं. वहिनी बाहेर बाकावर बसल्या. थोड्या वेळाने उठल्या, घाईने गेल्या, परत आल्या. परत गेल्या. सिस्टर आल्या तेव्हा त्या बाकाच्या टोकाला पोट धरून बसल्या होत्या.

"तुम्हाला काय झालं?"

"सिरप घेतलं मी."

"का?"

"ह्यांनी आग्रह केला."

सिस्टरनी खिशातून पेन काढलं. "किती वेळा झालं?"

"मोजलं नाही."

"मग तुमचं डोकं आता अगदी साफ असणार."

"सकाळी नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "सकाळी मी तुमच्याशी खोटं बोलले, सिस्टर. ते त्यांच्यासारखे नव्हते. मला दिसत होतं."

सिस्टर शेजारी बसल्या. रुग्णांच्या बाकावर सिस्टरना बसलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. समोरून जाणाऱ्या वॉर्डबॉयने दोनदा वळून पाहिलं.

"दुपारच्या ऐवजी रात्री आणलं असतंत," त्या त्याच एका सुरात म्हणाल्या, "तर कदाचित उठले नसते. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. घाबरायला पाहिजे म्हणून सांगतेय."

वहिनींनी मान हलवली. मग म्हणाल्या, "त्यांनी मला विचारलं, मशीन कुठे शिकलीस. कधी नाही ते विचारलं. मी सगळं सांगितलं. सिस्टर, मी काय शिवायचे याच्याशी अमोनियाला काय करायचंय? तो कशाला विचारेल? कोणीतरी विचारलंच ना आतून?"

सिस्टरनी भिंतीकडे पाहिलं. तिथे काहीच टांगलेलं नव्हतं. "ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "अमोनियाने माणूस मरतो, एवढं माहीत आहे."

मग त्यांनी विचारलं, "पुढच्या वेळी सांगाल?"

"सांगेन."

"त्यांनी कितीही गोड विचारलं तरी?"

"तरी." असं म्हणून वहिनी परत घाईने उठल्या. या प्रसंगाला जे गांभीर्य यायचं होतं ते बोळाच्या दुसऱ्या टोकाला गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी डोळे उघडले. खाटेभोवतीच्या पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"शिवण उसवलीय," ते म्हणाले.

वहिनींना रडू फुटलं.

"रडायला काय झालं? तू थोडाच शिवलायस." मग इकडेतिकडे बघत, "मला इथे आणलं कोणी?"

"धाकट्याने. गाडीतून."

"त्याला परवाना कुठल्या गाढवाने दिला?"

साहेबांना आपोआप आठवलं. त्यांनी डोळे परत मिटले.

सिस्टरनी किल्लीची गोष्ट दोनच प्रश्नांत काढून घेतली. मग म्हणाल्या, "एक वेळ कारकुनापुढे लाज गेली तर चालेल साहेब, डोस जाता कामा नये," आणि कार्यालयाला दवाखान्याच्या शिक्क्यानिशी पत्र पाठवून किल्ली साहेबांच्या खिशात आणली. आता त्या कारकुनाला साहेबांकडे मागावी लागायची. साहेब द्यायचे, पण आधी "कशासाठी?" विचारायचे.

घरी आल्यावर एकदा वहिनी हळूच म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी मला बरंच काही विचारलंत."

"काय?"

"आठवत नाही?"

"नाही." मग साहेबांनी विचारलं, "काही वावगं बोललो का?"

"नाही. मशीन कुठे शिकले, ते विचारलंत."

"बरं," साहेब म्हणाले आणि पंख्याकडे बघू लागले. वहिनींनीही विषय वाढवला नाही. लाल झगा, झालर, विंग, सगळं एका भल्या माणसाला सांगून झालं होतं आणि तो एनिमाबरोबर निघून गेला होता. परत सांगायचं तर कोणाला?

असेच बरेच आठवडे गेले. सिरप वेळेवर, वजन स्थिर, चुका भरपूर. मग एका संध्याकाळी साहेब घरी आले, चपला काढल्या आणि काहीच बोलले नाहीत. वहिनी वाट बघत राहिल्या. चहा खरंच गार होता. साहेब तो मुकाट्याने प्यायले, स्टूल ओढून मशीनपाशी बसले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "ते तू मागे अर्धवट सोडलंस. अर्ध्या उत्तराला मार्क नसतात. मशीन कुठे शिकलीस?"

वहिनींनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. उठल्या आणि सिस्टरना फोन लावला.

"अगं, काय करतेस?"

"सिस्टर, मी बोलतेय. ह्यांनी विचारलं."

"काय विचारलं?"

"तेच. मशीनचं."

"स्पीकरवर टाका," सिस्टर म्हणाल्या. "साहेब, हात पुढे."

"मी साधा प्रश्न विचारला!" साहेब ओरडले.

"हात."

साहेबांनी संतापाने हात पुढे केले. वहिनी मनगटांवर नजर रोखून वाकल्या. पंजे खांबासारखे उभे होते. त्यांच्यापुढे एखादी मालगाडीसुद्धा थांबली असती.

"हलत नाहीत, सिस्टर."

"आज किती वेळा झालं?"

"तीनदा!" साहेब स्वतःच गरजले. खिडकीतून रस्त्यावरच्या एका माणसाने वर पाहिलं.

"प्राणी सांगा. मिनिट सुरू झालं."

"लांडगा, कोल्हा, तरस, मुंगूस, साळिंदर! स्वतःच्या बायकोला चार शब्द विचारले की माणसाला जनावरं मोजायला लावतात! गेंडा, माकड, उंट, पाणघोडा, रेडा, वटवाघूळ! ही कुठली पद्धत? सरडा, बेडूक, घुबड, खेकडा, विंचू, जळू!"

"पुरे," सिस्टर म्हणाल्या. "पास."

वहिनींनी फोन जवळ ओढला.

"म्हणजे ते बरे आहेत?" वहिनींनी विचारलं.

"अगदी त्यांच्यासारखे आहेत."

"मग त्यांनी विचारलं ते कशामुळे?"

"ते माझ्या विभागात येत नाही," सिस्टर म्हणाल्या आणि फोन ठेवला.

साहेबांचे हात अजून पुढेच होते. परीक्षा संपल्याचं सांगितल्याशिवाय उमेदवाराने जागेवरून हलायचं नसतं, हा त्यांचाच नियम.

"खाली घेऊ का?" त्यांनी विचारलं.

"थांबा जरा," वहिनी म्हणाल्या. त्या परत मशीनपाशी बसल्या, समोरचं कापड बाजूला सारलं. "मावशीकडे शिकले."

"कुठली मावशी? ती जाड चष्म्याची?"

"मधे बोलू नका. ती नाटक कंपनीचे कपडे शिवायची."

आणि वहिनी सांगू लागल्या, पहिल्यापासून, या वेळी जरा सावकाश. नजर मात्र त्यांनी साहेबांच्या मनगटांवरून शेवटपर्यंत हलवली नाही.